पट्ट्या जोडताना इस्त्री ठेवायची, फिरवायची नाही

पट्ट्यांची गोधडी शिकायला येणाऱ्या बायका आधी मशीनला बोल लावतात, मग कात्रीला. ‘काकू, सरळ कापलं होतं हो, तरी वाकडं झालं.’ कापलेलं सरळच असतं. वाकडं केलेलं असतं इस्त्रीने. शर्टावर फिरवतो तशी आपण ती शिवणीवरून फिरवतो, तिथे बिघडतं.

आपण पट्ट्या बहुतेक वेळा पन्ह्यात कापतो, काठापासून काठापर्यंत, कारण ४४ इंच लांबीची पट्टी एका दमात मिळते. पण आडवा धागा उभ्यापेक्षा जास्त ताणतो. पट्टीची एक कड टिपेने धरून ठेवलेली, दुसरी मोकळी. वरून गरम इस्त्री पुढे-मागे ओढली, त्यात वाफ सोडली, की मोकळी कड लांबते, टिपेची आहे तेवढीच राहते, आणि पट्टी धनुष्यासारखी वाकते. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका कापलेला तुकडा असेल तर विचारूच नका.

अख्ख्या कापडावर, कापण्याआधी, खुशाल फिरवा; उभ्या धाग्याच्या दिशेने. मंगळदास मार्केटातून आणलेलं सुती कापड मी आधी धुऊन घेते. लाल आणि गडद निळ्याचा भरवसा नसतो, वाफेने रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला तर निघता निघत नाही. मग तांदळाची पातळ खळ. खळीचं कापड कापताना सरकत नाही आणि इस्त्रीखाली कमी ताणतं. फक्त पावसाळ्यात ते कपाटात टाकून विसरू नका, आपल्या मुंबईच्या दमट हवेत त्याला बुरशीही धरते आणि कसरही लागते.

इस्त्रीचं टेबल नसलं तरी अडत नाही. कन्नमवार नगरातल्या आमच्या घरात ते उघडायला जागाच नाही. दिवाणाच्या गादीवर मात्र नको, गादी दबते आणि कापड तिच्याबरोबर खाली ओढलं जातं. जेवणाच्या टेबलावर किंवा जमिनीवर जुनी घोंगडी चार पदरी घाला, वर पांढरी सुती चादर. लोकर उष्णता धरून ठेवते, त्यामुळे शिवण खालूनही बसते. पट्टी टेबलावरून लोंबू देऊ नका, शेजारी खुर्ची ओढून तिच्यावर टेकवा. इस्त्री सुतीच्या खुणेवर, म्हणजे तीन टिंबं. मिक्स कापडाला दोन.

आता हात. टीप मारून झाली की पट्ट्या उलगडायची घाई नको. शिवल्या तशाच एकावर एक राहू द्या, गडद पट्टी वर. टिपेवर इस्त्री ठेवा, दोन-तीन सेकंद थांबा, पूर्ण उचला, पुढे ठेवा. दोरा कापडात बसतो आणि टिपेच्या बारीक चुण्या जातात. मग वरची गडद पट्टी उलगडा. माया, म्हणजे टिपेपलीकडे सोडलेली कापडाची कड, आपोआप तिच्याच खाली जाते. फिक्याच्या खाली गेली तर पांढऱ्यातून काळी रेघ दिसत राहते. शिवणीवरून नखाने एकदा दाबत जा. आता सुलट बाजूने, फिक्या पट्टीकडून येऊन इस्त्रीची कड शिवणीला भिडवा, हलकं रेटा, दाबा, उचला. संपलं. पट्टी तिथेच पंख्याखाली गार होऊ द्या. गरम आणि ओलसर सुती कापड हातात धरून उचललं की ताणलंच म्हणून समजा.

सुलट बाजूनेच का? उलट बाजूने दाबलं की शिवणीत अर्ध्या सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) घडी राहून जाते, वरून पटकन दिसतही नाही. अडीच इंचाच्या तीन पट्ट्या, पाव इंच माया धरून जोडल्या, तर रुंदी साडेसहा इंच यायला हवी. दोन शिवणींत अर्धा-अर्धा सूत गेला की एकच सूत कमी. चालेल असं वाटतं. पण असे आठ चौकोन एका ओळीत लावा: सोळा शिवणी, सोळा अर्धे सूत, म्हणजे पुरता एक इंच. शेजारच्या साध्या चौकोनांच्या ओळीशी ती ओळ मग काही केल्या जुळत नाही. म्हणून तीन पट्ट्या गार झाल्या की फूटपट्टी लावायचीच. मोजमाप कमी आलं तर आधी इस्त्री तपासा, टीप नंतर.

नऊ घरांचा चौकोन करायचा असेल तर दिशा आधीच ठरवा. गडद-फिका-गडद या संचात माया दोन्हीकडे बाहेर दाबा. फिका-गडद-फिका यात मधल्या गडदकडे आत. आडवे तुकडे कापून एकमेकांवर ठेवले की दोन्ही शिवणी उलट दिशेने एकमेकींत अडकतात, बोटाला खाच लागते आणि टाचणीशिवायही कोपरा जुळतो. गडदकडे दाबायची ही सवय एवढ्यासाठी सोन्यासारखी आहे. माया उघडून दोन्हीकडे पसरायची वेळ माझ्याकडे फार कमी येते. आठ टोकं एका बिंदूत मिळणारी चांदणी असली तरच; तिथे माया एकीकडे दाबली तर मधे गाठ होते आणि हाताने धावदोरा घालणारीची सुई आत शिरत नाही.

आजीच्या गोधडीला यातलं काही लागत नव्हतं, हे खरं. जुन्या लुगड्यांचे थर आणि वरून धावदोरा. तिथे कोपरे जुळवायचेच नसत.

‘खालच्या इस्त्रीवाल्या दादांकडे देऊ का?’ असं एकीने विचारलं. देऊ नका. कोळशाच्या इस्त्रीचं वजन उत्तम असतं, पण त्यांचा हात शर्टाचा आणि घाईचा.

वाकलेली पट्टी फेकू नका. पाण्याचा हबका मारा, घोंगडीवर फूटपट्टीच्या कडेने सरळ करून टाचण्या लावा आणि वरून ठेवत-उचलत इस्त्री करा. सुकेपर्यंत हलवायची नाही. वाक थोडा असेल तर जातो. फार असेल तर टीप उसवून परत शिवणं बरं, आणि लांब पट्ट्या बऱ्याच असतील तर एक शिवण वरून खाली, पुढची खालून वर अशी घ्या.

गोधडी भरून झाल्यावर मात्र इस्त्री बाजूला ठेवा. आत पॉलिस्टरचा थर असेल तर तीन टिंबांच्या तापाने तो चपटा पडतो, कुठेकुठे चिकटतोही. खळ काढायला ती धुवायचीच असते. धुऊन, पिळून न काढता, आडवी पसरून वाळवा.