जुन्या पिकअपचा गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे बघून घ्या

जुनी पिकअप म्हटली की गिअरची कटकट कधी ना कधी होतेच, आणि गिअर अडकायला लागला की पहिलं वाक्य कानावर येतं ते म्हणजे "गिअरबॉक्स गेला". माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणायच्या आधी अर्धा तास स्वतः गाडीपाशी काढा, कारण बऱ्याचदा दुखणं गिअरबॉक्सच्या बाहेरच असतं, क्लचमध्ये नाहीतर गिअरच्या दांड्याच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या छोट्या नळीसारख्या तुकड्यात.

आमची पिकअप दिंडोरीकडून पिंपळगावला टोमॅटो वाहते. एका सीझनला मार्केटच्या बाहेर लाईनीत उभे होतो, गाडी कॅरेटांनी भरलेली, लाईन पुढे सरकली आणि पहिला गिअर पडेचना, नुसतं खर्रर्र. गाडी बंद केली की मस्त पडायचा, चालू केली की परत तेच. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने सरळ गिअरबॉक्स खाली घ्यायला सांगितलं. घरी आलो तर नाना म्हणाले, "अरे आधी पायाखालची मॅट उचलून बघ." क्लच पेडलखालची मॅट ओली होती, आम्ही आठवडाभर समजत होतो की बुटाबरोबर पावसाचं पाणी येतंय, बोट लावलं तर चिकट लागलं. पेडलच्या वर हात नेला तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबलं की क्लचचं ऑइल पुढे ढकलणाऱ्या पंपाच्या, दांडीवरून थेंब येत होता आणि खालच्या पत्र्याचा रंग फुगून पोपडे सुटले होते, क्लचमध्येपण ब्रेक ऑइलच असतं आणि ते रंग खातं ना. सिलिंडरचं रबर किट बदललं, लाईनमधली एअर (हवा) काढली, गाडी त्याच दिवशी संध्याकाळी माल घेऊन निघाली.

तर पहिली टेस्ट, बंद गाडी आणि चालू गाडी यातला फरक. सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवा आणि क्लच दाबून एकेक गिअर टाकून बघा. एखादा अडला तर न्यूट्रल करा, दगड काढून आणि हँडब्रेक सोडून गाडी जराशी पुढेमागे हलवा, कधीकधी आतले दात समोरासमोर येतात म्हणून अडतो, तो फॉल्ट नाही. बंद गाडीत सगळे गिअर सहज पडतात आणि चालू गाडीत नाही, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये, पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये. बंद गाडीतही दांडा जड किंवा अडकत असेल तर लिंकेज (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी) नाहीतर गिअरबॉक्सच्या आतलं काम.

दुसरी टेस्ट, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी आतले वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे क्लच सुटत नसेल तर तो लगेच बोंबलतो. मग पेडल पटापट तीन-चार वेळा मारून परत टाकून बघा. पंप केल्यावर गिअर पडला तर लाईनमध्ये एअर आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय.

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ऑइलवर चालणारा क्लच असेल तर डब्यातलं ऑइल बघा, काही गाड्यांत ब्रेकचा आणि क्लचचा डबा एकच असतो. चहाच्या पाण्यासारखं काळपट झालं असेल तर ते बदलायचंच, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आतून सिलिंडर गंजतो. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑइलचे ग्रेड) जे लिहिलंय तेच टाका, इंजिन ऑइल चुकूनही नको, रबर फुगून सगळं वाटोळं होतं. नंतर खाली गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडरचं, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणाऱ्या खालच्या सिलिंडरचं, रबरी बूट (टोपी) मागे सारून बघा, आत ओलं असेल तर किट गेलं, आणि बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, खड्डे पडले असतील तर नवीन किटपण टिकणार नाही, पूर्ण सिलिंडरच टाका.

एअर काढायला दोघं जण लागतात. वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने स्लेव्ह सिलिंडरवरचं निप्पल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) सैल करायचं, बुडबुडे आले की आधी निप्पल बंद आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. हा क्रम चुकला की हवा परत आत. डबा रिकामा होऊ देऊ नका.

दांडा नुसता डगडग हलत असेल, दुसरा टाकताना चौथा पडत असेल, तर एकाने दांडा हलवायचा आणि दुसऱ्याने खालून बघायचं. प्लास्टिकचा बुश झिजलेला लगेच दिसतो, स्वस्तातलं काम आहे. पण गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, घोडी (जॅक स्टँड) लावाच.

आता गिअर ऑइल. आधी भरायचा बोल्ट उघडतो का ते बघा, मगच खालचा काढा, नाहीतर ऑइल सांडून बसाल आणि भरायला जागाच नाही. लेव्हल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच, जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितलं असताना जीएल-५ टाकू नका, काही जीएल-५ ऑइलमधली केमिकल सिंक्रोच्या पितळी रिंगा खातात. निघालेल्या ऑइलमध्ये बारीक सोनेरी भुकटी थोडीफार चालते, पण लोखंडाचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स खोलावाच लागणार.

एकच गिअर, बहुतेक वेळा दुसरा, खालच्या बाजूला येताना खरखरतो आणि बाकीचे ठीक आहेत, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलीय. काम होईपर्यंत डबल क्लच मारा, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, परत क्लच दाबून गिअर. गिअर आपोआप सुटत असेल तर मात्र हयगय नको, कसाऱ्याच्या उतारावर भरली गाडी न्यूट्रल झाली तर सगळा भार ब्रेकवर येतो. आधी इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग (रबरी आधार) बघा, ते चांगले असतील तर दुखणं आतच आहे.

आणि खरंच गिअरबॉक्स उतरवावा लागला तर त्याच मजुरीत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील, सगळं समोर उभं राहून बघून घ्या, जे संशयास्पद वाटेल ते तेव्हाच बदला, आणि काढलेले जुने पार्ट गाडीत टाकून घरी आणा.