पाच-सहा जणांनी मिळून भयकथांचा संग्रह कसा काढायचा

नागपुरात लिहिणारे कमी नाहीत, भुताखेताच्या गोष्टी सांगणारे तर त्याहून जास्त, पण चारसहा मित्रमैत्रिणींनी ठरवलं की चला, भय-रहस्य-गूढ कथांचा एक संग्रह मिळून काढू, की बहुतेक वेळा गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मीटिंगलाच अडते, कारण सगळे मिळून आधी कथानक ठरवायला बसतात आणि भूत कोण, का मेलं, बदला कोणाचा घ्यायचा यावरच भांडत बसतात. माझं म्हणणं सरळ आहे. भयकथेत जागा आणि नियम सगळ्यांचे एक असू द्या, कथा ज्याची त्याची, आणि उत्तर कोणाचंच नाही.

आधी माणसं जमवा. पाच ते आठ पुरे. त्याहून जास्त झाले की एकमेकांची वाट पाहण्यातच वर्ष निघून जातं. एकाला पहिल्याच दिवशी संपादक करा, शेवटचा शब्द त्याचा, आणि जमलं तर त्यानं स्वतःची कथा त्यात घालूच नये.

मग जागा. अख्खं नागपूर घेऊ नका नं, एक गल्ली घ्या. महाल भागातला एखादा वाडा, सरकारी क्वार्टरची एक रांग, फुटाळा तलावाकडे जाणारा एखादा रस्ता. वाडा मनानं रचलेला असावा म्हणजे कोणाच्या खऱ्या घराला भुताटकीचा डाग लागत नाही, पण आजूबाजूचं सगळं खरं हवं, बर्डीवरून तिथं जायला किती वेळ लागतो हे वाचणाऱ्याला माहीत असतं.

वेळही ठरवून घ्या, आणि कृपा करून सगळ्यांनी पावसाळी अमावस्येची रात्र घेऊ नका. आपल्या गावाची खरी भीती दुपारची आहे. मे संपत आला, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू आहे, पारा 45 च्या वर, दोन वाजता गल्लीत माणूस सोडा, कुत्रंसुद्धा गाडीखालून निघत नाही. दारं लावलेली, खिडकीत कूलर, त्याची घरघर एवढी की बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येत नाही. आणि लाईन जाते. पंखा फिरत फिरत थांबतो, कूलरच्या ताट्यांमधलं पाणी टपटप टाकीत पडत राहतं, आणि मग लक्षात येतं की कोणीतरी दार वाजवून राहिलं आहे, आणि हे केव्हापासून वाजवून राहिलं आहे ते सांगता येत नाही. असं एक दृश्य गटातल्या प्रत्येकाला वेगवेगळं लिहायला सांगा, कोणाचा हात कुठे चालतो ते लगेच कळतं.

इथल्या रीतींमधूनही खूप मिळतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, लोक ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतात, मिरवून झाल्यावर मारबत जाळतात. गावावरचं संकट तिच्यासोबत बाहेर घालवायचं हा त्यातला भाव. आता विचारा, बाहेर घालवलेलं ते सगळं जातं कुठे? एवढ्या एका प्रश्नात सहा कथा बसतात. फक्त श्रद्धेची टिंगल होऊ देऊ नका, हे मी मनापासून सांगतोय.

यानंतर वही. वही म्हणजे गुगल डॉक चालेल, पण दोन पानांच्या वर जाऊ द्यायची नाही. गल्लीचा नकाशा, कोणत्या घरात कोण राहतं, कोणतं वर्ष चालू आहे, आणि ते जे काही विचित्र आहे ते कसं वागतं. उदाहरणार्थ: ते लाईन गेल्यावरच येतं, घरातल्याच कोणाचा तरी आवाज काढतं, उंबऱ्याच्या आत यायला त्याला कोणीतरी ‘ये’ म्हणावं लागतं. एवढंच. ते आहे काय, आधी कोण होतं, हे वहीत लिहायचंच नाही, कारण सहा जणांनी सहा खुलासे केले की वाचणाऱ्याची भीती गेलीच समजा. एससीपी फाउंडेशन हे इंटरनेटवरचं भयकथांचं सामूहिक लेखन 2007 मध्ये एका निनावी नोंदीपासून सुरू झालं आणि आज त्यात हजारो नोंदी आहेत, तिथंही अमुकच खरं असं कोणी ठरवून दिलेलं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते एवढं वाढलं. दुसऱ्याचं पात्र आपल्या कथेत खुशाल आणा, मारायचं असेल तर मात्र विचारून.

रहस्यकथेचं बरोबर उलटं. तिथं गटानं एकच साखळीकथा लिहायची असेल, म्हणजे एक प्रकरण एकाचं, पुढचं दुसऱ्याचं, तर प्रत्येकाकडे उत्तर पाहिजेच. लंडनच्या डिटेक्शन क्लबनं, म्हणजे रहस्यकथा लिहिणाऱ्यांच्या मंडळानं, 1931 मध्ये अशी कादंबरी केली, अगाथा ख्रिस्तीही त्यात होत्या. त्यांचा नियम असा की प्रत्येकानं खुनी कोण हे स्वतःच्या मनात पक्कं ठेवूनच प्रकरण लिहायचं, आपलं उत्तर प्रकरणासोबत द्यायचं, आणि आधीच्यानं घालून ठेवलेल्या अडचणी टाळून पुढे जायचं नाही. आपणही तेच करायचं, प्रकरणासोबत बंद पाकीट, संपादकानंही शेवटपर्यंत फोडायचं नाही. नाहीतर होतं काय, की जो तो मस्त मस्त धागेदोरे टाकत जातो आणि शेवटच्या बिचाऱ्याच्या गळ्यात सगळा गुंता.

लिहायला सहा आठवडे द्या, कथा अडीच-तीन हजार शब्दांची. मग वाचनाची बैठक, तर्री पोहे खाऊन झाल्यावर, आधी नाही. कथा मोठ्यानं वाचायची, ऐकणाऱ्यानं फक्त दोन खुणा करायच्या, कुठे कंटाळा आला आणि कुठे अंगावर काटा आला. ‘मी असतो तर असं केलं असतं’ हे बोलायला बंदी. आणि भाषा इस्त्री करू नका, एकाचं वऱ्हाडी, एकीचं पुस्तकी, एकाचं हिंदीमिश्रित असेल तर राहू द्या, तेच संग्रहाचं रूप आहे. नावं आणि जागा मात्र सगळीकडे एकसारख्या लिहा.

क्रम लावताना सगळ्यात जोरदार कथा शेवटी, त्याखालची पहिली. लागोपाठ दोन कथा एकाच प्रकारे संपत असतील तर मध्ये तिसरी घाला.

हक्कांचं काम पुस्तक छापायच्या आधी कागदावर करा, मैत्रीत राहून जातं ते. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे कथेचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो त्याच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं राहतो. दोघांनी मिळून अशी कथा लिहिली की कोणाचं काय ते वेगळं काढता येत नाही, तर 60 वर्षं शेवटी जाणाऱ्या लेखकानंतर मोजतात. तेव्हा लिहून ठेवा की ही कथा या संग्रहापुरती दिली, नफा असा वाटायचा, वही सगळ्यांची, आणि गटातून कोणी निघून गेलं तर त्याचं पात्र बाकीच्यांना वापरता येईल का. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडे अर्ज करायचा.

छपाईला जाताना पानं 16 च्या हिशेबात बसवा म्हणजे फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी 16 पानं, वाया जात नाही, आठ कथा साधारण 96 पानांत येतात. प्रूफ दोघांनी वाचावं, आणि स्वतःच्या कथेचं प्रूफ दुसऱ्याला द्यावं, कारण आपल्याला आपलं चुकलेलं अक्षर दिसत नाही.