गिरणीचा पास आणि वाकणारा पुठ्ठा

आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या विभागात होते. १९८२च्या संपानंतर घरी बसले ते कायमचे. त्यांचा पास, आजीच्या लुगड्याचा पदर आणि ॲक्रिलिक रंग मी पुठ्ठ्यावरच्या एकाच चित्रात घेतले. मूळ पास चिकटवायचा नाही, हे ठरलेलंच. पण गोंद लागताच इंकजेट प्रतीची शाई पसरली, पासावरचे आजोबा निळे झाले! मग लेझर प्रिंट काढली. तिच्यात शाईऐवजी टोनर असतो, म्हणजे बहुतांशी प्लॅस्टिकची भुकटी, ती पाण्याला दाद देत नाही.

पुठ्ठा मात्र पापडासारखा वाकला. ओलं कापड वाळताना आक्रसतं आणि पुठ्ठ्याला ओढतं. म्हणून मागूनही तसंच कापड चिकटवलं, प्लॅस्टिक घालून रात्रभर वजनाखाली ठेवलं. सरळ झाला. पदराच्या दशा कापल्या नाहीत, चौकटीबाहेर लोंबू दिल्या. आईला ते अर्धवट वाटतं, मला नाही.