चवथीच्या सुट्टीत स्कॉलरशिपचा फॉर्म

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमचं गोव्यातलं साखळी गावचं घर भरतं. आरती झाली, नेवऱ्यांचं ताट फिरलं की ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठात एम.ए., एम.एस्सी. करणारी भावंडं लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. "ताई, तेवढा फॉर्म भरून दे गो."

मी एम.ए.ला होते तेव्हा यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) गुणवत्ता शिष्यवृत्ती पदवीला विद्यापीठात पहिल्या-दुसऱ्या आलेल्यांसाठीच होती, महिना 3,100 रुपये. आता तिच्या जागी नॅशनल स्कॉलरशिप आहे. देशभरात वर्षाला 10,000 जागा, महिना 15,000 रुपये, वर्षातले 10 महिने, दोन वर्षं. निवड पदवीच्या गुणांवर. वय 30च्या आत हवं आणि पहिल्या वर्षाला नियमित प्रवेश हवा. दूरशिक्षणाला ती नाही.

फॉर्म मी भरून देत नाही. आधी सगळे कागद ओसरीवर मांडायला लावते आणि फक्त नाव मोठ्याने वाचायला सांगते, इंग्रजी स्पेलिंगसकट. आपल्याकडे आडनावांचं त्रांगडं पोर्तुगीज अमलापासूनचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर परब, जन्मदाखल्यावर पोरोब. प्रभुदेसाई कुठे एक शब्द, कुठे दोन, आणि देसाईतला एस कधी एकेरी, कधी दुहेरी. गावकरांच्या तर एकाच घरात तीन तऱ्हा. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची एकदाची नोंदणी, म्हणजे ओटीआर, आधारवरचं नाव उचलते. म्हणून आधार दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळवून घ्या, पण घाईत नको. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आमच्या एका चुलतभावाने एक संधी स्पेलिंग चुकवण्यातच घालवली.

मग बँक. इथे मी स्वतः पोळले आहे. शिष्यवृत्ती मंजूर झाली, मैत्रिणींचे पैसे आले, माझे नाहीत. बँकेत तीनदा गेले, तिन्ही वेळा उत्तर एकच: "आधार लिंक आहे." लिंक होतंच, केवायसीपुरतं. सरकारी पैसे मात्र आधारशी 'सीड' केलेल्या, म्हणजे सरकारी रक्कम जमा होण्यासाठी आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि माझं सीडिंग शाळेत असताना उघडलेल्या, केव्हाच बंद पडलेल्या खात्याशी होतं. तेव्हा बँकेत विचारत बसू नका. 'माय आधार'च्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथे जी बँक दिसेल तीच खरी.

गुणांच्या रकान्यात सीजीपीए 9.5ने गुणून टक्के लिहू नका. ते सीबीएसईच्या दहावीचं सूत्र. गुणपत्रिकेवर छापलेला हिशेब घ्या, नाहीतर कॉलेजकडून टक्केवारीचा दाखला आणा. निवडच गुणांवर आहे, तर इथली थाप तपासणीत पकडली जाणारच.

'सबमिट' दाबलं की मुलं मोबाइल बाजूला ठेवून विसर्जनाला पळतात. खरं काम त्यानंतरच सुरू होतं. अर्ज आधी तुमच्या संस्थेचा नोडल अधिकारी, म्हणजे शिष्यवृत्तीचं काम पाहणारा माणूस, तपासतो, मग वरचा टप्पा. छापील प्रत आणि मूळ कागद घेऊन त्याच्यासमोर उभे राहा, आणि आठवड्याने पोर्टल उघडून पाहा. 'डिफेक्ट' दिसलं तर घाबरू नका, अर्ज दुरुस्तीसाठी परत आलेला असतो. मुदत मात्र थांबत नाही. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्जही आपणच करायचा.

गोवा सरकारच्या योजनांसाठी पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयाची साइट पाहत राहा. त्यांना बहुधा 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. मामलेदार कचेरीत तो हातोहात मिळेल असं धरून चालू नका. निकालाची वाट न पाहता दाखल्यासाठी अर्ज टाका.

आणि छपाई चवथीच्या आदल्या आठवड्यात उरका. आमच्या बाजारातला झेरॉक्सवाला स्वतःच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची सजावट, बांधत असतो.