आधी आजीला विचारायला हवं होतं

साहित्याचा मनोविश्लेषणाच्या अंगानं अभ्यास करायचा म्हणून एम.ए.ला किंवा पीएच.डी.ला बसलेल्या, आपल्या सातारा-कराडकडच्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. दमन, स्वप्नकार्य, ईडिपस गंड हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

माझा लघुप्रबंध एका शब्दापायी अडला. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याच्या ‘अनकॉन्शस’ला मराठीत अबोध मन म्हणतात, नेणीवही म्हणतात. मला हरिपाठातलं ‘जाणीव नेणीव भगवंती नाही’ आठवलं आणि अंगावर काटा आला. फ्रॉइडच्या सहाशे वर्षं आधी आपल्याकडे हे सांगून झालंय, असं वाटलं. त्यावर चाळीस पानांचं प्रकरण उभं केलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिल टेकवली. “इथं नेणीव म्हणजे काय?” मी दमनापासून, म्हणजे नकोसं ते मनाआड ढकलण्यापासून, सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “शब्दाला हा अर्थ कधी आला, ते पाहिलंत?” नव्हतं पाहिलं.

त्या संध्याकाळी रहिमतपूरला घरी गेले. आजीचा हरिपाठ रोजचा. ती वाती वळत बसली होती. “आजी, नेणीव म्हणजे काय गं?” “न कळणं. दुसरं काय?”

नेणणे म्हणजे न जाणणे. हरिपाठातली जोडी ज्ञान-अज्ञानाची आहे. फ्रॉइडची नेणीव म्हणजे अज्ञान नव्हे. जे मनाला सोसवत नाही ते तिथं ढकललेलं असतं आणि स्वप्नातून, बोलताना जीभ घसरण्यातून ते पुन्हा वर येतं. अलीकडच्या समीक्षेनं जुना शब्द घेऊन त्याला हा नवा अर्थ दिला, आणि मी तो नवा अर्थ घेऊन थेट तेराव्या शतकात गेले. म्हणून आधी जुना कोश उघडा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, तेव्हा फ्रॉइड वर्षाचा होता. त्यात मिळेल तो अर्थ फ्रॉइडनं दिलेला असूच शकत नाही.

धीर सोडू नका, खुद्द फ्रॉइडचंही असंच झालं. १९१० मध्ये त्यानं चित्रकार लिओनार्दो दा विंचीची बालपणीची एक आठवण उलगडली: पाळण्यावर उतरलेला पक्षी. जर्मन भाषांतरात तो गिधाड होता, म्हणून फ्रॉइड गिधाडाचं डोकं असलेल्या इजिप्शियन मातृदेवतेपर्यंत पोचला. लिओनार्दोचा मूळ शब्द मात्र घारीचा. आता मराठी माणसाला घार म्हटलं की ‘घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी’ आठवणार, म्हणजे पुन्हा आईच! इथंच थांबा. ते आईपण आपल्या भाषेतलं आहे, लिओनार्दोच्या इटालियनमधलं नाही.

झेरॉक्सच्या दुकानात तयार नोट्स मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यात नेणीव आणि अज्ञान हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरलेले असतात. वाईत घडलेला मराठी विश्वकोश आधी वाचा, मग फ्रॉइड. लाकां या फ्रेंच मनोविश्लेषकाला पहिल्या वर्षी हात लावू नका, हे माझं ठाम मत आहे. त्याऐवजी गिरींद्रशेखर बोस वाचा. १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था त्यांनी काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि न पटलेलं ते त्याला स्पष्ट कळवत. आपल्याकडच्या मुलांना एवढा धीर आधी यायला हवा.

मार्गदर्शक निवडताना नाव बघू नका, तुमच्या पानांवर पेन्सिल चालवतो का ते बघा. माझ्या मार्गदर्शकांनी ‘छान’ लिहून सही केली होती. त्या ‘छान’नं माझं अख्खं वर्ष खाल्लं, आजही ते आठवलं की पोटात तुटतं.

प्रकरण पुन्हा लिहायला पाच महिने लागले. चाळीसाची अठरा पानं झाली. आजीचं उत्तर पहिल्याच तळटीपेत घातलंय, आणि मॅडमनी त्यावर खूण केली नाही.