फोटोसाठी कॅमेरा घेताना व्हिडिओची बाजू कशी पारखावी

पुण्यात नवा कॅमेरा घ्यायला निघालेल्या हौशी छायाचित्रकाराच्या मनात एक प्रश्न हमखास असतो: मला फक्त फोटो काढायचे आहेत, तर व्हिडिओसाठी जादा पैसे का मोजावेत? प्रश्न रास्त आहे. पण व्हिडिओ काढून टाकला की कॅमेरा स्वस्त होतो, हे त्यामागचे गृहीतक बरोबर नाही. निकॉनने २०१३ मध्ये व्हिडिओ अजिबात नसलेला डीएफ बाजारात आणला, तेव्हा तो व्हिडिओ असलेल्या त्याच कंपनीच्या डी६१० पेक्षा महागच होता.

२००८ मध्ये निकॉन डी९० आणि कॅनन ५डी मार्क २ यांनी डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत, व्हिडिओ आणला, तेव्हा ती वरून दिलेली जोड होती. आजच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात मात्र व्ह्यूफाइंडरमधले चित्र, माणसाच्या डोळ्यावर टिकून राहणारा फोकस आणि आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर या सगळ्या गोष्टी सेन्सरवरची (प्रकाश टिपणाऱ्या चिपवरची) माहिती किती झपाट्याने वाचली जाते यावर अवलंबून असतात, आणि चांगला व्हिडिओही त्याच वेगावर उभा असतो. २०२१ च्या निकॉन झेड९ मध्ये हा वेग इतका वाढला की यांत्रिक शटर ठेवण्याची गरजच उरली नाही. त्यामुळे फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ दमदार असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यासाठी फोटोच्या सोयींना कात्री लागता कामा नये.

दुकानात जाताना स्वतःचे मेमरी कार्ड बरोबर न्यावे. इलेक्ट्रॉनिक शटर निवडून कॅमेरा दाराच्या उभ्या चौकटीवरून झपकन फिरवत फोटो काढावा आणि मग तसाच व्हिडिओ घ्यावा. चौकट तिरकी दिसली, तर सेन्सर संथ आहे असे समजावे. हाच दोष विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर उभे राहिल्यावर नडतो: ढोलावर वेगाने उतरणारे टिपरू फोटोत मध्येच वाकलेले दिसते, आणि ती चूक नंतर संगणकावर दुरुस्त होत नाही. मिरवणुकीचे फोटो हाच मुख्य उद्देश असेल, तर ही एक चाचणी बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाची आहे.

त्यानंतर दुकानातल्या दिव्यांखाली आडवे पट्टे येतात का ते पाहावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे त्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावे आणि व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर घ्यावा. रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांची लय मात्र वेगळी असू शकते. बालगंधर्व रंगमंदिरात नाटकाचे फोटो आवाज न करता काढायचे असतील, तर शटरचा वेग अगदी बारीक टप्प्यांनी बदलण्याची सोय कॅमेऱ्यात आहे का, हे विचारून घ्यावे.

पुढची पाहणी चित्राच्या कडांची. कॅमेरा काउंटरवर स्थिर ठेवून फोटोवरून ४के (सुमारे चार हजार बिंदू रुंदीच्या) व्हिडिओवर जावे आणि कडेचा किती भाग कापला जातो ते बघावे. काप दीडपट असेल, तर २४ मिमीची लेन्स ३६ मिमीसारखी वागते, आणि जुन्या वाड्याच्या अरुंद चौकात मागे सरकायला जागा नसते.

उष्णतेची परीक्षा वातानुकूलित दुकानात होत नाही. कॅननच्या आर५ ला २०२० मध्ये ८के चित्रीकरण उष्णतेमुळे साधारण २० मिनिटांत थांबवावे लागत असे. पुण्यातली एप्रिलची दुपार तर याहून कठोर असते. म्हणून शक्य असेल तर तोच कॅमेरा एक दिवस भाड्याने घेऊन उन्हात चालवून पाहावा. वापरलेला जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी चित्रीकरणाची कमाल मर्यादाही तपासावी. युरोपातल्या सीमाशुल्काच्या वर्गवारीमुळे अनेक मॉडेलांत ती २९ मिनिटे ५९ सेकंद ठेवली जात असे, आणि विलंबित ख्याल तेवढ्यात आटोपेलच असे नाही. गाण्याच्या बैठका टिपणाऱ्यांनी माइक आणि हेडफोन अशी दोन्ही जोडणीची छिद्रे असल्याशिवाय कॅमेरा घेऊ नये, कारण कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक लेन्सच्या मोटरची घरघरही पकडतो.

कार्डाचा हिशेब सोपा आहे: १०० मेगाबिट प्रतिसेकंद दराने तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते आणि व्ही३० कार्ड (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारे) त्याला पुरते. ८के आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) व्हिडिओसाठी हौशी माणसाने खिसा रिकामा करू नये; ते पैसे चांगल्या लेन्सला द्यावेत. १०-बिट व्हिडिओ मात्र उपयोगी आहे. प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा मिळाल्यामुळे सिंहगडावरून दिसणाऱ्या संध्याकाळच्या आकाशात, रंग दुरुस्त केल्यानंतरही, रंगांच्या पायऱ्या सहसा उमटत नाहीत.

शेवटी मेनू उघडावा. फोटो आणि व्हिडिओ यांची शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्सची मांडणी स्वतंत्र ठेवता येते का, आणि व्हिडिओ सुरू करणाऱ्या लाल बटणाला फोटोचे एखादे काम नेमून देता येते का, हे स्वतः करून पाहावे. फोटोच्या वेळी अंगठा त्या बटणावर चुकून पडत असेल आणि ते बदलता येत नसेल, तर व्हिडिओ कितीही उत्तम असला तरी दुसरे मॉडेल दाखवायला सांगावे.