गेकोसाठी कॅल्शियम पावडर मिळत नाही? पर्याय शोधताना या चुका टाळा

डब्याच्या तळाशी चिमूटभर पावडर उरली आहे, दुकानात माल नाही आणि मागवलेला डबा कधी पोचेल याचा भरवसा नाही. अशा वेळी गेको, म्हणजे पालीच्या जातीचा छोटा सरपटणारा प्राणी, पाळणारा माणूस दिसेल त्या पांढऱ्या भुकटीकडे आशेनं बघायला लागतो. खरं तर कॅल्शियम दुर्मीळ नाहीच. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा साध्या पावडरींमध्ये असतं ते कॅल्शियम कार्बोनेटच, आणि ते इतर ठिकाणीही मिळतं. घोळ होतो तो कॅल्शियमसोबत आणखी काय येतं आणि काय येत नाही, इथं.

किड्यांवर जगणाऱ्या गेकोच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावं लागतं. रातकिड्यांत आणि मीलवर्म नावाच्या अळ्यांत नेमकं उलटं असतं: फॉस्फरस कितीतरी पट जास्त. वरून कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढून घेतं. धडधाकट प्रौढ गेकोचं चार-आठ दिवस पावडरीवाचून काही अडत नाही. वाढत्या पिल्लांच्या आणि अंडी धरलेल्या मादीच्या बाबतीत मात्र तेवढी सवड नसते.

'कॅल्शियम' हा शब्द वाचून थांबणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. तो दाहक असतो आणि तोंडाची, अन्ननलिकेची आतली त्वचा भाजतो. पाव चिमूटही नको. फळ्यावरचा खडू पुष्कळदा कॅल्शियम सल्फेटचा, म्हणजे जिप्समचा असतो, आणि त्यात चिकटवणारे पदार्थ मिसळलेले असतात. बागेत मातीत घालायच्या चुनखडीच्या भुकटीत मॅग्नेशियम किंवा जड धातू असू शकतात, कारण ती कुणाच्या पोटात जावी म्हणून बनवलेलीच नसते.

हाडांची भुकटी आणि डायकॅल्शियम फॉस्फेट ही जोडी जास्त फसवी, कारण दोन्ही खाद्यात वापरली जातात आणि लेबलावर कॅल्शियमचा आकडा चांगला भरघोस दिसतो. पण त्यांच्यासोबत फॉस्फरसही येतो, आणि आपण तर किड्यांतल्या फॉस्फरसलाच तोल द्यायला निघालो आहोत. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या खनिज मिश्रणांत याशिवाय तांबं, जस्त, लोह अशी भर असते. लेबलावर 'फॉस्फेट' दिसलं की डबा परत ठेवा.

हातातली भुकटी कार्बोनेटच आहे का, याची शंका असेल तर चिमूटभर बशीत घ्या आणि वर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका. कार्बोनेट लगेच फसफसतं. जिप्सम नुसतं ओलं होऊन पडून राहतं. मात्र फसफसलं म्हणजे ते खाण्यालायक आहे असं नाही. बागेतली चुनखडीही फसफसते. म्हणून खाद्य किंवा औषधी दर्जाचं कार्बोनेटच घ्यायचं. ते शुद्ध स्वरूपात मिळालं, तर पुढच्या बऱ्याच कटकटी वाचतात.

माणसांच्या गोळ्या सरसकट कुटून घालणं

औषधाच्या दुकानातली गोळी हा वाईट पर्याय नाही, पण मागची बाजू वाचल्याशिवाय ती खलबत्त्यात टाकू नका. '५०० मिलीग्रॅम कॅल्शियम' असलेल्या गोळीत साधारण १२५० मिलीग्रॅम कार्बोनेट असतं, कारण कार्बोनेटच्या वजनात ४० टक्केच कॅल्शियम असतं. सायट्रेटमध्ये ते २१ टक्क्यांच्या आसपास, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम ९. म्हणून डस्टिंगसाठी, म्हणजे किड्यांच्या अंगाला पावडर लावण्यासाठी, कार्बोनेट सोयीचं.

खरी अडचण डी३ या जीवनसत्त्वाची. बहुतेक गोळ्यांमध्ये ते घातलेलं असतं, आणि त्याचं प्रमाण ठरवलेलं असतं ६० किलोच्या माणसासाठी. आपला लेपर्ड गेको असतो ६० ग्रॅमचा. हा हजारपट फरक आहे. डी३ चरबीत विरघळतं आणि शरीरात साठत जातं. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढून ते मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं. म्हणून गोळी घ्यायचीच तर डी३ नसलेली. चघळायच्या गोळ्यांत साखर, रंग, चव आणि कधी कधी गोडीसाठी झायलिटॉल असतं. त्या नकोत. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांत सोडियम असतं. त्याही नकोत. मॅग्नेशियम-जस्तवाल्या 'हाडांसाठी खास' गोळ्यांचंही तेच.

अंड्याचं कवच जाडंभरडं ठेवणं

कवचात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, त्यामुळे टंचाईत याइतकं हाताशी दुसरं काही नाही. बिघडतं ते तयारीत. कवच धुवा, आतला पातळ पापुद्रा सोलून काढा, साल्मोनेलाची भीती राहू नये म्हणून दहा मिनिटं उकळा आणि मग कडकडीत वाळवा. थोडा जरी ओलावा राहिला तर दळताना लगदा होतो. मिक्सरमधून काढलेली भुकटी दिसायला बारीक वाटते, पण ती तेवढ्यावर वापरायची नाही. पातळ सुती कापडातून चाळा आणि चाळलेली चिमूट बोटांत चोळून बघा. टाल्कम पावडरीसारखी बोटाच्या रेषांत जाऊन बसली पाहिजे. खरखर लागली तर परत दळा. जाड कण किड्याच्या अंगावर टिकतच नाहीत, टँकच्या तळाशी गळून पडतात.

पक्ष्यांसाठी मिळणारं समुद्रफेणही चालतं. आधी भिजवून त्याचा खारटपणा काढा, वाळवा, मग मऊ बाजू खरवडून तसंच बारीक करा. शिंपल्यांच्या भुकटीत शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून ती शेवटच्या नंबरावर.

डी३ला विसरणं

बदली पावडर शुद्ध कार्बोनेटची आणली की जुन्या डब्यात गपचूप मिळणारं डी३ बंद होतं, आणि हे महिना-दोन महिने लक्षातही येत नाही. डी३शिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. मग कितीही पावडर घाला, उपयोग शून्य. यावर दोन वाटा आहेत. एक, सौम्य यूव्हीबी दिवा, म्हणजे ज्या अतिनील किरणांमुळे शरीर स्वतः डी३ तयार करतं ते देणारा दिवा. हा दिवा काचेबाहेर ठेवलात तर नुसता उजेड मिळतो, कारण साधी काच यूव्हीबी अडवते. खिडकीतल्या उन्हाचंही तेच. दिवा पेटतोय म्हणून यूव्हीबी येतंय असंही समजू नका, ते आधी कमी होतं आणि उजेड नंतर. दुसरी वाट, उरलेली डी३वाली पावडर रोज न वापरता आठवड्यातून एकदा पुरवून पुरवून वापरायची आणि बाकीच्या वेळी साधं कार्बोनेट. टंचाईत मला ही दुसरी वाट जास्त व्यवहारी वाटते.

फक्त वरून लावण्यावर विसंबणं

रातकिडे स्वतःचं अंग साफ करतात. डस्टिंग करून सोडलेला किडा तासाभरानं खाल्ला गेला तर पावडर बरीचशी गेलेली असते. म्हणून भुकेल्या वेळी, मोजकेच किडे द्या. त्याआधी दोन दिवस किड्यांच्या खाद्यातच कार्बोनेट मिसळा, साधारण दहावा हिस्सा. किड्यांना पालक घालू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. त्यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर असतं, डस्टिंगची गरजच कमी होते.

दूध-दही देऊ नका, गेकोला ते पचत नाही. कॅल्शियमची वाळू म्हणून विकतात ती तर विसराच. चाटून चाटून आतड्यात साचते.

सगळे गेको एकाच मापानं मोजणं

क्रेस्टेड गेको तयार फळ-मिश्रणावर असेल तर त्यात कॅल्शियम आणि डी३ दोन्ही आहेत. वर आणखी काही नको. त्यानं तोंड उघडलं की टाळूवर दोन पांढऱ्या पिशव्या दिसतात, तो त्याचा कॅल्शियमचा साठा. डे गेकोत हाच साठा मानेच्या दोन्ही बाजूंना फुगलेला दिसतो, आणि कडक कवचाची अंडी घालणाऱ्या मादीत तो झपाट्यानं ओसरतो. लेपर्ड गेकोला अशा पिशव्या नसतात, त्यामुळे बाहेरून अंदाज येत नाही. त्याच्यात बोटं थरथरणं, चालताना पोट जमिनीवरून न उचलणं, जबडा दाबल्यावर मऊ लागणं, ही लक्षणं बघायची.

यातलं एकही दिसलं तर घरगुती पावडरीचं प्रमाण वाढवत बसू नका. हाडं कितपत विरळ झाली आहेत ते एक्स-रेतच कळतं, आणि इंजेक्शन किंवा तोंडावाटे द्यायचं द्रव कॅल्शियम वजनानुसार पशुवैद्यच ठरवतात. जाताना जी भुकटी वापरत होतात तिचं पाकीट आणि यूव्हीबी दिव्याचा खोका सोबत न्या.